लुब्बिनसाहेबांची नजर

आपल्या घराण्यातल्या सात पिढ्या घोड्यावरच जन्मल्या असं कप्तान बोटो फोन लुब्बिन मेजवान्यांत सांगत. त्यांच्या आईला हे वाक्य बिलकुल आवडत नसे. जर्मनीतल्या पोमेरानिया प्रांतातली घराण्याची गढी थोरल्या भावाला मिळाली, तसे धाकटे लुब्बिन रिवाजाप्रमाणे घोडदळात भरती झाले. फ्रान्सच्या लढाईत त्यांनी एक गोळी आणि एक पदक मिळवलं, दोन्ही छातीच्या डाव्या बाजूला. त्यानंतर मात्र सरकारला त्यांची आठवण येईना. वर्षानुवर्षं ते कप्तानच राहिले, आणि मिशांना कलप लागायची वेळ आली.

या शरद ऋतूतल्या कवायती युद्धानंतर, म्हणजे सैन्याच्या लुटुपुटीच्या लढाईनंतर, त्यांचा निकाल लागणार होता. वरिष्ठांना पसंत पडले तर मेजर, नाही तर पेन्शन. पेन्शन म्हणजे भावाच्या गढीत राहायचं आणि रोज रात्री जेवताना बटाट्याच्या पिकावर त्याचं प्रवचन ऐकायचं. त्यापेक्षा दुसरी गोळी बरी, असं लुब्बिनसाहेबांचं मत होतं. त्यांची बायको अडेला तर मनानं कधीच मेजरीणबाई झाली होती. कर्नलीणबाईंच्या कॉफीला कुठल्या खुर्चीत बसायचं हेही तिनं ठरवून टाकलं होतं.

अडचण एकच होती. गेली तीन वर्षं लुब्बिनसाहेबांना घोडीच्या कानांपलीकडचं धड दिसत नव्हतं.

चष्मा लावायचा तर प्रश्नच नव्हता. चष्मा तोफखान्यातल्या लोकांनी लावावा, ती हिशेबी माणसं. घोडदळाच्या अधिकाऱ्याला फार तर एका डोळ्यात भिंग शोभतं, आणि तेही साध्या काचेचं, कारण ते ऐटीसाठी असतं. साहेबांनी तसलं भिंग लावलं होतं आणि त्यातून त्यांना सगळं पूर्वीइतकंच धूसर दिसत होतं. बाकी कारभार त्यांनी मोठ्या हुशारीनं चालवला होता. रस्त्यात समोरून कुणी आलं की ते आधीच सलाम ठोकत. एकदा असाच त्यांनी गावच्या टपालवाल्याला कडक सलाम ठोकला, आणि तो बिचारा आठवडाभर गावात छाती काढून फिरला. आपलं गुपित कुणालाही कळलेलं नाही, अशी साहेबांची खात्री होती.

कवायतीच्या दिवशी सकाळीच हुकूम आला. शत्रूपक्षाच्या शिरस्त्राणांवर पांढऱ्या पट्ट्या आहेत, त्यांच्या तोफा पवनचक्कीजवळ आहेत, त्या काबीज करा. पवनचक्की उजवीकडे होती, चांगली चार मजली. लुब्बिनसाहेबांना समोर टेकडीवर काहीतरी पांढरं फडफडताना दिसलं. त्यांनी तलवार उपसली, आपल्या लिझेट घोडीला टाच मारली, आणि मागे अख्खा रिसाला धडधडत निघाला. वाटेत घोडी एकदम डावीकडे वळली. साहेबांनी तिला मनातल्या मनात शिवी दिली आणि पुन्हा पांढऱ्याच्या दिशेनं घातली.

ते पांढरं म्हणजे टेबलावरची चादर होती. शत्रूपक्षाचे जनरलसाहेब बर्चच्या झाडांखाली दुसऱ्या न्याहारीला बसले होते. अर्धं सॉसेज त्यांच्या तोंडात होतं, अर्धं काट्यावर, आणि सभोवार शंभर घोडे फुरफुरत उभे राहिले. पंचांनी घड्याळं काढली, आपसात कुजबुज केली आणि सेनापती कैद, लढाई संपली असं जाहीर करून टाकलं. दुपारचं जेवण घरी मिळणार म्हणून दोन्ही सैन्यांनी टोप्या उडवल्या.

लुब्बिनसाहेब लिझेटची मान थोपटत होते. हे आपल्या हातून कसं झालं हे त्यांना कळलं नव्हतं, पण मेजर व्हायला ते कळण्याची गरज नसते. एवढ्यात हवालदार पागेल जवळ आला. पागेल त्यांच्याबरोबर फ्रान्सलाही होता. एका स्वाराचं खांद्याचं हाड मोडलंय, त्याला गाडीत घातलंय, असं त्यानं सांगितलं.

"कुठं पडला?"

"खाणीच्या काठावर, साहेब. चिकणमातीची जुनी खाण. तुमची घोडी वळली म्हणून बरं, नाहीतर सगळेच आत होतो. दोन पुरुष खोल हाये."

साहेबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला ती दिसली नव्हती?"

"दिसली की, लांबूनच दिसली. पवनचक्कीबी दिसली. आपण वाट चुकलो हे सगळ्यांनाच दिसत होतं."

"म्हणजे माझ्या डोळ्यांचं..."

"तीन वर्षं झाली की त्याला, साहेब."

"मग गाढवांनो, थांबला का नाहीत?"

पागेलनं प्रश्न न कळल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही पुढं होतात ना," तो म्हणाला.

लुब्बिनसाहेबांनी वळून मागे उभ्या असलेल्या शंभर धूसर ठिपक्यांकडे पाहिलं. फ्रान्समध्ये गोळी लागली तेव्हाही ते इतके घाबरले नव्हते.

दुपारी सगळे अधिकारी घोड्यांवरच गोलाकार उभे राहिले आणि मुख्य जनरलसाहेबांनी कवायतीचं मूल्यमापन केलं. बायकांच्या बग्ग्या जरा मागे उभ्या होत्या. जनरलसाहेब फारसं कुणाचं कौतुक करत नसत, पण आज त्यांनी लुब्बिनसाहेबांना पुढे बोलावलं. तोफांचा मोह सोडून या अधिकाऱ्यानं थेट शत्रूच्या डोक्यावर घाव घातला, सगळ्या सैन्याला जे दिसलं नाही ते यांना दिसलं, मेजरच्या हुद्द्यासाठी मी आजच बर्लिनला शिफारस करतो, असं ते म्हणाले.

आता फक्त मान लववायची होती. बग्गीत अडेलानं टोपी सरळ केली.

"मला काहीच दिसलं नाही, साहेब," लुब्बिन म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "मला पवनचक्कीही दिसली नाही. मी टेबलावरच्या चादरीवर हल्ला केला. माझे डोळे गेलेत, आणि माझी माणसं माझ्यामागून खाणीतसुद्धा येतील."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. जनरलसाहेबांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं, मग हात कपाळाला नेऊन सलाम केला. तो लुब्बिनसाहेबांना दिसला नाही. रिसाला लेफ्टनंटच्या ताब्यात द्या, एवढंच जनरलसाहेबांनी हळू आवाजात सांगितलं.

परतताना लुब्बिनसाहेब लिझेटवर बसून पहिल्यांदाच रिसाल्याच्या मागून चालले. मागे इतकी धूळ असते याची त्यांना कल्पनाच नव्हती. खोकत, डोळे पुसत ते चालले होते, आणि सगळंच पुसणं काही धुळीमुळे नव्हतं. अडेलाची बग्गी शेजारी आली. आता बोलणी खायची, म्हणून त्यांनी खांदे आवळले.

"शहरातल्या चष्मेवाल्याकडे उद्याच जायचं," ती म्हणाली. "तीन वर्षांत मी पाच नव्या टोप्या घेतल्या, बोटो. एकीलाही तू नावं ठेवली नाहीस. तेव्हाच मला कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

अडेला पुढच्या रस्त्याकडे बघत होती. तिनं बग्गीतून हात बाहेर काढला, लिझेटचा लगाम धरला आणि घोडीला पाण्यानं भरलेल्या खड्ड्याच्या कडेनं नीट पलीकडे नेलं.