नेहमीइतकी हवा

मागच्या दोन्ही चाकांवरची पांढरी रेष हंगामभर अगदी सरळ होती, आणि वाईट तेच होतं. पण हे ताईला कळलं तेव्हा तिची धाकटी बहीण त्या दिवशीची उपांत्य शर्यत जिंकून मोकळी झाली होती आणि अंतिम शर्यत तेवढी उरली होती.

रेषेची गोष्ट अशी. या सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत गाडी उभ्या जागेवरून इतक्या जोराने उसळते की टायरने जमीन घट्ट धरली, तर रिम टायरच्या आतल्या आत पुढे सरकू बघते. टायर ट्यूबलेस असेल तर फारसं बिघडत नाही. व्हॉल्व्ह रिमलाच बसवलेला असतो, तो रिमबरोबर फिरतो. आत ट्यूब असली की मात्र पंचाईत. ट्यूब टायरला धरून मागे राहते, तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकून पुढे ओढला जातो, आणि या ओढाताणीत एक दिवस तो मुळापासून उपटतो. मग भर वेगात चाकातली हवा एका दमात जाते. म्हणून ताई टायरवरून रिमवर उतरणारी एक रेष मारायची. टायर सरकला की रेषेचे दोन तुकडे दिसणार, इतका साधा हिशेब. रेष अखंड असली की व्हॉल्व्हकडे ती वेगळं बघत नसे.

ताई कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासायची. तिने पास केलेल्या भागाला पुन्हा कोणी पट्टी लावत नसे. सुरुवातीला ती ट्यूबलेसच्या बाजूची आणि धाकटी ट्यूबच्या. धाकटीचंही खोटं नव्हतं. पकड मिळावी म्हणून हवा कमी ठेवली की ट्यूबलेस टायरची भिंत लुळी पडायची आणि शेवटच्या टप्प्यात, सगळ्यात जास्त वेग असताना, गाडी शेपूट हलवायची. एकदा सरावात ती कडेच्या भिंतीला चाटता चाटता राहिली. धाकटी हसतच उतरली होती, पण हातमोजे तिला स्वतःला काढता आले नव्हते. ट्यूब घातल्यावर गाडी सुतासारखी सरळ धावली. रेषही तुटेना. शेवटी ताईनेच माघार घेतली. माप समोर असताना वाद कसला घालायचा?

तिसरा माणूस म्हणजे धाकटीचा नवरा. त्याला सगळे जावईबापू म्हणायचे. गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नसे, पण स्वस्थही बसवत नसे. शर्यत सुरू झाली की तो पाठ करून उभा राहायचा. गाडी पोचल्याचं कोणी सांगितलं की जीप घेऊन पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा, गाडी पुसून चकचकीत करायचा आणि मग ओढून आणायचा. नवरदेव झाला तेव्हाही तो या गाडीएवढा नटला नव्हता, असं धाकटी चारचौघांत सांगायची, आणि तोही हसायचा.

त्या दुपारी ताई त्याच्याबरोबर जीपमध्ये बसली ती निराळ्याच कारणाने. आधीच्या एका गाडीने शेवटच्या टप्प्यात तेल सांडलं होतं, ते नीट पुसलंय की नाही हे तिला स्वतः बघायचं होतं. रस्ता असा तापला होता की चपलेचा तळ उचलताना चिकटत होता. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी खांबाला लोंबत होती. धाकटी धावेच्या वेळेची चिठ्ठी घ्यायला पंचांच्या खोलीत गेली होती. तेलाची जागा पाहून ताई वळली, तर जावईबापू डाव्या चाकाशी गुडघे टेकून बसलेले. हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात पांढरा मार्कर, आणि शाळेतल्या पोरासारखी जीभ दातांत धरलेली.

"हे काय करताय?"

"रेष मारतोय," तो म्हणाला. "पुसताना जाते ना ती. मी दर वेळी नवी मारतो, ताई. तुमचं तेवढंच काम वाचतं."

"होती तिथेच मारता?"

"होती तशी कशी मारणार? कधी कधी टायरवर एकीकडे असते, रिमवर भलतीकडे. वाईट दिसतं ते. मी आपली सरळ मारतो."

ताई उजव्या चाकाकडे गेली. तिथवर फडकं पोचलं नव्हतं. रिमवरचा तुकडा एका जागी आणि टायरवरचा तीन बोटं मागे. भोकातून बाहेर आलेला व्हॉल्व्ह उभा नव्हता, वाऱ्याने वाकलेल्या रोपासारखा एका अंगाला कलला होता. एका धावेत तीन बोटं. आधीच्या धावांत किती, हे आता कोणालाच कळणार नव्हतं.

रेष कशासाठी असते ते तिने त्याला सांगितलं. आवाज चढवला नाही, आणि त्यामुळे तो अधिकच घाबरला.

गाडी जागेवर आणून चाक उतरवलं आणि ट्यूब बाहेर काढली. व्हॉल्व्हच्या मुळाशी नखाच्या कडेएवढी चीर होती, आत पांढुरकी. ताईने ती अंगठ्याने ताणून धाकटीला दाखवली आणि ट्यूबलेसची दुसरी जोडी चढवू या म्हणाली. अंतिम शर्यत जिंकली की मोठ्या संघात जागा मिळणार होती. त्यांचा माणूस सकाळपासून टोपी डोळ्यांवर ओढून कुंपणापाशी बसला होता. धाकटीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा चिरेकडे.

"म्हणजे वर्षभर हे सरकत होतं?"

"हो."

"आणि वर्षभर टिकलं."

ताईला वाटलं, एवढं चांगलं माप हाती असून ते आपल्याच विरुद्ध साक्ष देतंय. तिने समजावून पाहिलं की टिकलं असं नाही, थोडं थोडं तुटत गेलं, आणि आज रस्ता तापल्यामुळे पकड वाढलीय, तेव्हा नवी ट्यूबही एका धावेत जाऊ शकेल. धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की ट्यूबलेसवर गाडी कशी हलते ते ताईने लांबून पाहिलंय, तिने स्वतः ते पाठीच्या मणक्यात सोसलंय. जे अजून झालं नाही त्याच्या भीतीने ती जे झालंय त्याच्यात परत बसणार नाही.

जावईबापूंनी तेवढ्यात विचारलं, दोन्हींत कमी वाईट काय? दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. हंगामात त्याने टायरबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"मी नाही बसवणार," ताई म्हणाली.

धाकटीने वाद घातला नाही. पेटीतून नव्या ट्यूबची जोडी काढली, टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या घेतल्या आणि स्वतःच खाली बसली. हे काम तिने कधी केलं नव्हतं. पट्टी टायरच्या कडेखाली खुपसून ती ज्या जोराने दाबत होती, त्यात आतली ट्यूब चिमटली जाणार हे ताईला दिसत होतं. भोंग्यावरून अंतिम शर्यतीच्या दोन्ही गाड्यांना तयारीचा पुकारा झाला. धाकटीने पट्टीवर सगळा भार टाकला.

"सरक," ताई म्हणाली, आणि तिच्या हातातून पट्ट्या घेतल्या.

दोन्ही चाकं तिने नेहमीसारखीच नीट भरली. ट्यूबला सुरकुती नाही, व्हॉल्व्ह काटकोनात. मग हवा. गेजचा काटा धाकटीला हव्या असलेल्या आकड्यावर आला, तेव्हा ताईने नळी काढली नाही. हवा वाढली की टायरची कड रिमला अधिक घट्ट बसेल आणि रस्त्यावरची पकड कमी होईल. रिम सरकणार नाही. सुटताना चाकं रस्त्यावर फिरत राहतील, गाडी मागे पडेल, आणि कुंपणापाशी बसलेला माणूस टोपी सारखी करून घरी जाईल. एवढंच होईल, असं तिने स्वतःशी मांडलं. काटा आणखी वर गेला. जास्त हवेच्या टायरवर गाडी शेवटच्या टप्प्यात कशी वागेल हे तिने कधी मोजलं नव्हतं. तिची पकड हलकी पडेल, हे उघड होतं. किती, ते माहीत नव्हतं.

धाकटी आत बसली. पट्टे आवळले, हेल्मेट चढवलं. काच खाली ओढण्याआधी तिने मान वळवली.

"किती ठेवलीस?"

जावईबापू गेजकडेच बघत होते. त्याला काटा वाचता येत होता की नाही, हे ताईला आजवर कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

"नेहमीइतकीच," ताई म्हणाली.

धाकटीने मान हलवली, काच खाली घेतली. गाडी सावकाश पुढे सरकली. टायर तापवायला मुद्दाम केलेल्या पाण्याच्या डबक्यात चाकं गरगरली, धुराचा लोट उठला आणि तो विरल्यावर ती सुटण्याच्या रेषेवर जाऊन उभी राहिली. जावईबापू दर वेळी या क्षणाला पाठ करायचे. आज त्याने केली नाही. ताईला मात्र मान वळवावीशी वाटली, आणि वळवता येईना. दिवे एकेक करून पेटू लागले.