रुसलेलं पाणी

चौथ्या अहवालातही "पाणी रुसलंय" आलं, तेव्हा बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

तीन तासांचा लेखी पेपर बंद करून ही परीक्षा त्यांनीच हट्टाने आणली होती. वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर पाणी का चढत नाही ते शोधा, अधीक्षकांना समजेल असा अहवाल लिहा. नोकरीत विचारतात तसं कुणालाही विचारा. विभागप्रमुखांनी तेव्हाच बजावलं होतं, "कॉपीची एक जरी भानगड निघाली, तर पुन्हा जुना पेपर."

आणि हे असं बोलणारा माणूस अख्ख्या जगात एकच. तो त्यांच्याच घरात राहतो. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला त्यांचा नवरा. हल्ली फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घेतो. बाईंनी आठवडाभर भलताच संशय पोसला होता. निघालं ते त्याहून वाईट.

चौघांतल्या धीट मुलीला त्यांनी बोलावलं.

"हा शब्द कुणाचा?"

मुलगी चपलांकडे बघू लागली. "काकांचा. म्हणजे... तुमच्या मिस्टरांचा."

"उत्तर सांगितलं त्यांनी?"

"छे हो मॅडम! नुसते उलटे प्रश्न. म्हणे, खालचे नळ बंद करून बघितलेस का? केले, तर तोंडाला साबण फासलेली मुलं माझ्या अंगावर धावून आली!"

"मग त्यांचं नाव का नाही लिहिलं?"

"तेच म्हणाले, नाव घातलंस तर घरी माझी खैर नाही."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. कुणालाही विचारा, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. कुणाला विचारलं ते लिहा, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

त्या अहवाल घेऊन थेट विभागप्रमुखांकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे पेपर तुमच्या घरातूनच फुटला."

"चौघांना बोलवा. अहवाल मिटून ठेवा आणि विचारा."

विभागप्रमुखांनी एकेकाला आत घेऊन उलटसुलट प्रश्नांनी सोलून काढलं. बाई बाहेरच्या बाकावर पदराचं टोक पिळत बसल्या. शेवटचा मुलगा घाम पुसत बाहेर पडला, मागोमाग विभागप्रमुख.

"वर जाणारा पाइप बारीक आहे, तो बदलला की झालं, नवी टाकी बांधायला नको. चौघांनाही पटवून देता आलं," ते नाइलाजाने म्हणाले. "परीक्षा राहू द्या. पण पुढच्या वेळी प्रत्येकाला असं समोर बसवायचं. आणि एक सांगा, यजमानांचा नंबर पोरांना दिला कुणी?"

"तेच," बाई पर्स उचलत म्हणाल्या, "घरी जाऊन विचारते."