कासेलला परतलेली हेर्मिने

हेर्मिने लोकाम्प गायला लागली की जर्मनीतल्या कासेलचं आमचं थिएटर चिडीचूप व्हायचं. मी कोरसमध्ये, तिच्या मागे उभी असायचे. तिचा नवरा यूलिउस काट्झेनश्टाइन खाली वाद्यवृंदात चेलो वाजवायचा. नाझी आले आणि तो ज्यू म्हणून त्याला काढलं. तिला म्हणाले, "घटस्फोट घ्या आणि खुशाल गा." तिने बॅगा भरल्या. दोघं हॉलंडला गेली. युद्धात नाझी तिथेही पोचले, त्याला धरून नेलं, तो परतला नाही.

युद्ध संपल्यावर ती एकटीच आली. बॉम्बहल्ल्यात थिएटरचा ढिगारा झालेला. आम्ही एका सभागृहात खेळ करायचो. प्रेक्षक येताना शेगडीसाठी कोळसा आणायचे. तिने दिग्दर्शक श्राडरना एवढंच सांगितलं, "जाहिरातीत हेर्मिने काट्झेनश्टाइन छापा."

"बाई, लोक घटकाभर हसायला येतात. त्यांना सुतकात कशाला बसवता?"

"तो ह्याच गावात वाजवत होता, साहेब."

"सगळ्यांचंच कोणी ना कोणी गेलंय. लोकाम्पच राहू द्या."

रंगपटात आमच्यातलीच एक बोलली, "तुझं बरं होतं गं, तिकडे चीज खात होतीस. आम्ही इथे तळघरात मरत होतो." हेर्मिने पावडर लावत राहिली.

पोटाला काही नव्हतं. ती लोकाम्प म्हणून उभी राहिली.

सभागृह गच्च भरलं. ती गायली, अगदी पूर्वीसारखी. लोक उभे राहून रडले. "वन्स मोअर! आमची हेर्मिने आली!" यूलिउसला दाराबाहेर काढणारा व्यवस्थापक पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होता. तिने त्याला पाहिलं, आणि तेच गाणं पुन्हा गायलं.

विंगेत आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "आल्विने, आवाज बसला असता तर बरं झालं असतं. माझं गाणं ऐकून ह्यांना वाटलं, काही घडलंच नाही."

पुढे काही वर्षं ती गात राहिली. मग म्हाताऱ्या आत्याबाईंच्या भूमिका, मग त्याही नाहीत.

आता ती वृद्धाश्रमात आहे. परवा भेटायला गेले, तर दिवाणखान्यात रेडिओवर ऑपेरेटा, आम्ही करायचो तसलं हलकंफुलकं संगीत नाटक, लागलं होतं. हेर्मिने उठली आणि खोलीत निघून गेली.

शेजारची म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "कसली घुमी बाई ही! गाण्याचा कानच नाही."