दुप्पट खाणारी कांडी

पॅरिसच्या त्या नाटकगृहात सूर्य उगवायचा तो बार्थेलेमीच्या बोटांतून. आरशापुढे कोळशाच्या दोन कांड्या, एक वर, एक खाली. मधल्या इवल्याशा फटीत विजेचा शुभ्र जाळ. कांड्या जळत, फट रुंदावत जाई, आणि तो दोन्ही हातांनी दोन स्क्रू फिरवून ती राखी. सात वर्षं राखली. यंदा बोटं थरथरू लागली, तसा पडद्यावरचा सूर्यही.

"सूर्याला हिवताप भरलाय का?" तालमीत मुख्य गायिकेने विचारलं. सगळे हसले.

कारभारी तेवढा हसला नाही. "शनिवारी उजेड हलला तर गॅसचे दिवे लावीन. मग तुमचं इथे काम नाही, मस्यू."

बार्थेलेमी गेला तो थेट सेलेस्तीन ओब्रेकडे. नवऱ्यामागे घड्याळांचं दुकान एकटीने चालवणारी ही बाई, बोलायला फटकळ, हाताने हळुवार. आठवडाभर राबून तिने यंत्र उभं केलं. विजेच्या वाटेवर तारेचं वेटोळं. वीज जोरात असली की त्यातलं लोखंड किल्लीवर चालणाऱ्या चाकांना अडवून धरी. फट वाढली, वीज मंदावली, की पकड सुटे, चाकं फिरत, कांड्या जवळ येत, वीज पुन्हा जोर धरी आणि चाकं थांबत. दिवा आपली भूक आपण ओळखी, आपला घास आपण घेई. निजल्या बाळाचा श्वास बघावा तसा बार्थेलेमी ते बघत राहिला.

शुक्रवारी दुपारी दोघांनी ते नाटकगृहात लावून पाहिलं. जाळ जराही थरथरला नाही. पण पाव तास झाला आणि आरशापुढचा जाळ हळूहळू वर सरकला, तसा आरशातून उलट फेकला जाणारा पडद्यावरचा उजेड खाली उतरला.

"अहो, हा तर मावळतोय," सेलेस्तीन म्हणाली. तिने चाकं तपासली. "दात तर मोजून कापलेत. वरच्या कांडीला जितके, तितकेच खालच्या."

घड्याळवाल्यांचीच ही खोड, जोडीची चाकं सारखी कापायची.

बार्थेलेमीने डोळे मिटले. हात हवेत उचलले आणि नसलेले स्क्रू फिरवू लागला. उजवा वरचा, डावा खालचा. उजव्याचे दोन वेढे होईतो डाव्याचा एकच.

"वरची दुप्पट खाते, मादाम. खालचीच्या दुप्पट जळते."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"मला कुठे ठाऊक होतं? हातांना ठाऊक होतं."

ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग कामाच्या एप्रनला हात पुसून म्हणाली, "चला, नवं चाक कापू."

शनिवारी सूर्य वर आला आणि तिथेच स्थिरावला. गायिकेची प्रार्थना संपली, पुन्हा म्हणून झाली, तरी ढळला नाही. कारभारी शिडी चढून वर आला. यंत्राभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं, "याला किल्ली कोण देणार?"

"मस्यू बार्थेलेमी," सेलेस्तीन म्हणाली. "किल्ली द्यायला हात थरथरले तरी चालतात. आणि ते बिघडलं तर काय चुकलंय, हे सांगणारा दुसरा कोणी आहे तुमच्याकडे?"

कारभारी शिडीकडे वळला. "बरं, राहू द्या मग."

तो उतरून गेला. बार्थेलेमी मात्र जागचा हलेना.

"इथे काय उभे राहिलात? जा, खाली जाऊन बघा जरा."

तो तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. सात वर्षं त्याने सूर्याची पाठ पाहिली होती. आता समोर कापडाचे डोंगर उजळत होते, दरीतलं रंगवलेलं पाणी दुधासारखं होत होतं, आणि गायिका डोळ्यांवर हात धरून हसत होती. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो बघत बसला.