इस्त्रीचा डाग पडलेला पिवळा पट्टा

मी एक जुना रबरी पट्टा आहे. रंग पिवळा, लांबी एके काळी दीड मीटर. मित्रांनो, आमच्यात पिवळा म्हणजे सगळ्यांत ढिला. मग लाल, मग हिरवा. दुखावलेल्या हाताच्या वाट्याला पहिला मी येतो. त्याचा अभिमान वगैरे नाही. रबराला फारसं काही वाटत नसतं.

मला आठवतं ते कात्रीपासूनचं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी मला मोठ्या गुंडाळीतून कापलं आणि समोर बसलेल्या इस्त्रीवाल्याच्या मांडीवर ठेवलं. तीस वर्षं उभ्याने इस्त्री फिरवलेला माणूस. चादरींचं गाठोडं उचलताना त्याच्या उजव्या दंडात कट्कन आवाज झाला आणि स्नायू फाटला. सहा आठवडे हात झोळीत होता. आता झोळी निघाली होती, तरी त्याने हात पोटाशीच धरला होता.

“दुखतंय का, काका?”

“नाही.”

“मग बरं वाटतंय?”

“नाही.”

“मग काय वाटतंय?”

“काही नाही. कुणाचा तरी हात सांभाळायला घेतल्यासारखं.”

ताईंनी त्याच्या कोपराखाली टॉवेलची घडी ठेवली, माझं एक टोक त्याच्या पायाखाली दिलं, दुसरं मुठीत. तीन मोजत वर, पाच मोजत खाली. “ओढताना घाई झाली तर एक वेळ चालेल. सोडताना नको. ताकद सोडण्यातून येते.”

दुकानात आता त्याची बायको उभी राहायची. ती डावखुरी; टेबलाची सगळी मांडामांड तिने उलटी करून घेतली होती. संध्याकाळपर्यंत तिचे घोटे असे सुजायचे की चपलेचा पट्टा लागत नसे. एक दिवस शर्टाची कॉलर दाबत ती म्हणाली, “महिनाअखेरपर्यंत तुमचा हात इस्त्रीला लागला नाही, तर मी दुकान त्या लाँड्रीच्या मशीनवाल्याला देऊन टाकते. मला हौस नाही, पण पाय माझेच आहेत.”

“दे,” तो म्हणाला. गिऱ्हाइकाने स्टार्च आहे का विचारल्यावर ‘आहे’ म्हणावं, तसं.

व्यायाम मात्र त्याने चुकवला नाही. दिवसातून तीनदा, दाराआड, बारा वेळा. गिऱ्हाइकं म्हणत, “काय पहिलवान!” तो मोजत राही. बाकी उजवा हात कशालाच लावायचा नाही. जेवायचाही डाव्याने.

एका दुपारी बायको वर जाऊन पाय लांब करून पडली होती. मी टेबलावर पडलो होतो, मुठीत धरून धरून चुरगळलेला. मित्रांनो, या माणसाला सुरकुती बघवत नाही. मोज्यांना इस्त्री करतो. हाताच्या झोळीलाही बायकोकडून करून घेतली होती. रस्त्याकडे बघता बघता त्याने मला सरळ केलं आणि... चर्र.

मधोमध मी इस्त्रीला चिकटलो. त्याने मला खरवडून काढलं. जळका डाग आत दडेल अशी गाठ मारली आणि गप्प बसला. गाठीमुळे मी वीतभर आखूड झालो, म्हणून कडक झालो. दुसऱ्या दिवसापासून त्याचा दंड ठणकू लागला. बाराचे सहा झाले. तेही त्याने सांगितलं नाही. महिना संपायला चार दिवस होते.

तपासणीला बायकोही सोबत आली होती. ताईंनी मला हातात घेतलं. “काका, ही गाठ कसली?”

त्याने कोपराखालच्या टॉवेलची घडी सरळ केली.

“सांगा ना,” बायको म्हणाली. “मी खाली आले तेव्हा दुकानभर वास होता. मला वाटलं, कुणाचा तरी शर्ट गेला.”

“इस्त्री केली.”

“पट्ट्याला?”

“चुरगळला होता.”

ताईंना हसू आलं, आणि मधेच थांबलं. “कुठल्या हाताने?”

त्याने दोन्ही हातांकडे पाहिलं, चिठ्ठी हरवलेली दोन गाठोडी ओळखायची असल्यासारखं. त्याला आठवेना. मलाही सांगता येणार नाही. मी भाजत होतो.

“इस्त्री उजवीकडे उभी होती,” बायको सावकाश म्हणाली. “मी डावीकडे ठेवते.”

“किती वजनाची?”

“अडीच किलो.”

“मी तुम्हाला पुढच्या महिन्यात एक किलोचं वजन देणार होते,” ताई म्हणाल्या. मग रागावल्याही: एकदम असं परत करायचं नाही, हलकी इस्त्री, रोज पाच मिनिटं, दुखलं की थांबायचं.

“बरं,” तो म्हणाला. एवढंच. बायको स्टुलावर बसली आणि तिने चपला काढल्या.

मशीनवाल्याला निरोप गेला नाही. पाचाची दहा मिनिटं झाली, उशांचे अभ्रे झाले, मग शर्ट. त्याला लाल पट्टा मिळाला. मला डागापाशी कापलं. एक तुकडा कचऱ्यात गेला, उरलेला मी धुतल्या कपड्यांचं गाठोडं बांधतो.

मित्रांनो, रबर उन्हात, आगीजवळ ठेवू नका. चीर दिसली तर गाठ मारून झाकू नका. दुखत असेल तर सांगा. काहीच वाटत नसेल तर तेही सांगा.

संध्याकाळी तो गाठोडं सोडतो. मला फट्कन सुटू देत नाही. उजव्या हाताने टोक धरतो आणि ओठांतल्या ओठांत पाचपर्यंत मोजतो.