मागच्या डाव्या दाराची काच

पहिल्या दोन दगडांनी काचेला काहीच झालं नाही. परमेश्वरनं दगड मधोमध मारले होते आणि दोन्ही वेळा ते उलटून त्याच्याच पायाशी पडले. मग त्यानं गोठ्यातून कुदळ आणली, तिचं टोक काचेच्या कोपऱ्यात, रबराच्या जरासं वर टेकवलं आणि मागून दगडानं हाणलं. काच आधी सगळी पांढरी झाली, क्षणभर तशीच उभी राहिली आणि मग खडीसाखरेची पिशवी फाटावी तशी खळकन खाली आली.

आत करडं ओरडत होती. गाडीचं इंजिन चालू होतं आणि हीटर भणभणत होता. परमेश्वरनं फुटक्या खिडकीतून हात घालून लॉकची खुंटी वर ओढली, दार उघडलं आणि आधी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मग पुढच्या सीटखाली वाकून पाहिलं. पहाटे जन्मलेलं करडू तिथं पोत्यावर पडलेलं होतं. त्यानं पोटाला हात लावला. गरम होतं, श्वास चालू होता. मागची काच फोडायचं त्यानं याचसाठी ठरवलं होतं; पुढची फोडली असती तर खडे थेट याच्या अंगावर पडले असते.

शेजारच्या ताराबाई शाल गुंडाळून कधीच्या उभ्या होत्या.

"कावून रं परमेश्वरा, सोताचीच गाडी फोडतूस?"

"करडांनी लॉक केली, काकू."

"करडांनी?"

"त्या बांडी शेळीच्या करडांनी. ह्याला ऊब मिळावी म्हनून त्यांना संगं ठेवलं, तर दारावर पाय देऊन चढलं एक. खुंटीवर पाय पडला. एक दाबली की चारी दारं बंद होत्यात हिची."

"आन चावी?"

"आतच."

दुसरी चावी नव्हती. मारुती आठशे त्याच्याकडे आली तीच सतरा वर्षांची होऊन, एका चावीवर आणि कुणीतरी हौसेनं बसवलेल्या सेंट्रल लॉकवर. नांदूरघाटच्या शिवारात चाळीस शेळ्या राखणाऱ्या माणसाला गाडी कशाला, असं लोक म्हणायचे. पण आजारी शेळीला जनावरांच्या दवाखान्यात न्यायचं असो की रात्री विंचू चावलेल्या माणसाला, गाडी परमेश्वरचीच निघायची. थंडीत अशक्त करडांना डाल्याखाली झाकण्याऐवजी गाडीत ठेवायची सवयही त्याला गेल्या दोन हिवाळ्यांत लागली होती.

आणि आज चार वाजता त्याच गाडीतून बबिताला घरी आणायचं होतं.

बबिता त्याची बायको. तिच्या उजव्या डोळ्यात लहानपणी बाभळीचा काटा गेला होता आणि तो डोळा तेव्हाच गेला. उरलेल्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता की डॉक्टरांना मोठा छेद घेऊन टाके घालावे लागले. चार दिवस झाले, ती अंबाजोगाईच्या दवाखान्यात होती. जवळ मुलगी धनश्री होती. ती तिथंच खोली घेऊन बी. एस्सी. करत होती. डॉक्टरांनी फोनवर परमेश्वरला बजावून सांगितलं होतं: धूळ नको, वारा नको, धूर नको, धक्का नको. हा एकच डोळा आहे.

धनश्रीनं तेव्हाच वडिलांना म्हटलं होतं, "दादा, पंधरा दिवस आईला माझ्या खोलीवरच राहू द्या."

"घरचं घर बरं असतंय," तो म्हणाला होता, आणि विषय तिथंच संपवला होता.

आता खिडकीला मोठं भोक होतं, आणि केजपर्यंतचा रस्ता अर्धा उकरून ठेवलेला होता. त्या रस्त्यानं ऊस भरलेले ट्रॅक्टर दिवसरात्र जात आणि प्रत्येकाच्या मागं धुळीचा लोट तरंगत राही. आज बाजाराचा दिवस होता, त्यामुळं एसटीत पाय ठेवायलाही जागा मिळणार नव्हती. गावात दुसरी बंद काचांची गाडी होती, पण तिचा मालक कारखान्यावर मुकादम होता आणि गाडी त्याच्याबरोबर गेलेली. निम्मं गावच ऊसतोडीला गेलेलं होतं.

"गोनपाट लाव की," ताराबाई म्हणाल्या.

परमेश्वरनं खताची प्लास्टिकची पिशवी चिकटपट्टीनं लावून पाहिली. विहिरीपर्यंत गाडी नेली तोवर ती फडफडून सुटली होती.

तीन शेळ्या दोन रात्रींत व्याल्या होत्या. तो सलग दोन तास काही झोपला नव्हता. त्यानं अशक्त करडाला त्याच्या आईच्या, मोरी शेळीच्या, आचळाला धरून चीक पाजला, ताराबाईंना शेळ्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं आणि न जेवताच केजच्या रस्त्याला लागला. फुटक्या खिडकीतून थंड वारा मानेवर येत होता. त्यामुळं निदान झोप तरी लागली नाही.

केजला बजरंगचं गॅरेज होतं. पुढं एक पत्र्याची शेड आणि मागं जुन्या गाड्यांचा ढीग. बजरंगनं दार उघडून आत पाहिलं, मग परमेश्वरकडं पाहिलं.

"कुनी फोडली, काका?"

"मीच."

"भांडन झालं का गाडीसंगं?"

परमेश्वरनं करडांचं सांगितलं. बजरंग हसून हसून खाली बसला. "त्याचं लायसन काढा की मग! आज लॉक केली, उद्या घिऊन जाईल."

"हस बाबा. चार वाजता दवाखान्यात पोचायचंय. बायकोच्या डोळ्याचं आपरेशन झालंय. एकच डोळा हाय तिला."

बजरंगचं हसू थांबलं. तो ढिगाकडं गेला आणि थोड्या वेळानं एक काच फडक्यात धरून घेऊन आला. परमेश्वरला हायसं वाटलं.

"ही उजवीकडची हाय," बजरंग म्हणाला. "डावीकडची बघावी लागंल."

"उलटी करून बसव की. काचंला काय उजवं-डावं?"

बजरंगनं वाद घातला नाही. त्यानं काच आडवी धरली आणि तिच्या बाहेरच्या बाजूवर लोखंडी पट्टी उभी टेकवली. दोन्ही टोकांना पट्टी टेकली नाही. मधेच टेकून डुगडुगत राहिली.

"पोट हाय हिला. दाराला बाहीर बाक असतुया, तसाच काचंला. उलटी केली की पोट आत येतंय. वर चढवायला गेलं की मधी अडकंल, आन जोर केला की सकाळसारखी खडीसाखर."

परमेश्वरनं पट्टी स्वतःच्या हातात घेऊन एकदा टेकवून पाहिली. खरंच बाक होता. इतकी वर्षं ही गाडी तो धूत आला होता, आणि हे त्याला माहीत नव्हतं.

डाव्या दाराची काच एकाच गाडीला शिल्लक होती, आणि त्या गाडीवर दुसरी गाडी चढवून ठेवलेली होती. जॅक लावून वरची उचलायला, दार सोडवायला आणि काच सुखरूप बाहेर काढायला बारा वाजून गेले. मग बजरंगनं परमेश्वरच्या गाडीच्या दाराचं आतलं पॅड काढलं आणि दाराच्या पोटात हात घालून फुटक्या काचेचे खडे काढायला लागला. मुठीमागून मूठ निघत होती. खड्यांबरोबर दोन-चार लेंड्या निघाल्या, पिवळं पडलेलं गवत निघालं. बजरंगनं ते बाजूला सारलं. जरा वेळानं म्हणाला, "काका, गाडी एकदा धुवून घ्या बरं का."

"काच झाल्यावर बघू."

नवी काच रबरात साबणाचं पाणी लावून सरकवली, तेव्हा ती सहज बसली. पण काच वर-खाली करणारं खालचं मशिन तिला धरेना. त्याचे दाते झिजलेले होते.

"दुसरं मशिन आता मिळायचं न्हाई," बजरंग म्हणाला. "मी आतून लाकडाची पाचर मारतो. काच वर पक्की ऱ्हाईल, पन खाली व्हनार न्हाई."

"मला खाली करायचीच न्हाई. वारं आत नाय आलं म्हंजे मिळवलं."

बाकड्यावर टेकल्याबरोबर परमेश्वरचा डोळा लागला. बजरंगनं हलवलं तेव्हा दोन वाजून गेले होते. काच बसली होती. त्यानं आत बसून चारी काचा बंद केल्या आणि बजरंगला बाहेरून टायरात हवा भरायच्या नळीनं हवा मारायला लावली. मागच्या काचेच्या कडेला हात धरून बसला. हाताला वारा लागला नाही. तेव्हा कुठं त्यानं दिवसातला पहिला चहा घेतला.

चारला दहा कमी असताना तो अंबाजोगाईला पोचला. धनश्री दवाखान्याच्या पायरीवर पिशवी घेऊन उभी होती. तिच्याही डोळ्यांखाली काळं पडलं होतं. मागून एक सिस्टर बबिताला दंडाला धरून आणत होती. बबिताच्या डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी, वर मोठा काळा चष्मा. तिला काहीच दिसत नव्हतं. ती पायानं चाचपडत येत होती.

परमेश्वरनं पुढं होऊन मागचं डावं दार उघडलं आणि काचेवर हलकेच हात मारला. "वारं येनार न्हाई आता. पक्की बसवून आनली."

सिस्टर वाकली, तशीच मागं सरली. तिनं हाताच्या तळव्यानं नाक झाकलं.

"हे काय आहे आत?"

"काय?"

"काय काय? सीटवर लेंड्या आहेत. गवत आहे. केस आहेत. मुतलेलं आहे सगळं! टाके घातलेल्या डोळ्याच्या पेशंटला तुम्ही यात तास-दीड तास बसवणार?"

परमेश्वरनं आत पाहिलं. सिस्टर म्हणत होती ते सगळं तिथं होतं. सकाळपासून तो त्या गाडीत बसत-उठत होता, काचेचे खडे एकेक वेचत होता, आणि हे त्याला दिसलं नव्हतं. वास तर त्याला अजूनही येत नव्हता.

बबितानं मात्र तोंड जरा वर केलं आणि नाकानं हवा ओढली.

"कोन याली?"

"मोरी," परमेश्वर म्हणाला.

"किती?"

"दोन. एक उभंच राहीना. त्यालाच गाडीत ठेवलं हुतं."

"चीक पाजला का? कोमट करून?"

"पाजला."

"त्याला पोत्यात न्हाई, माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचं. पोतं टोचतंय. बांडीच्या करडांत नगा ठिवू, ती तुडवत्यात. चला, मी बघते."

सिस्टरनं धनश्रीकडं पाहिलं. "घरी गेल्यावर यांना कोण सांभाळणार? वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, चुलीपुढं जायचं नाही. पंधरा दिवस जनावरांजवळ तर अजिबात नाही. डोळ्यात जंतू गेले तर आम्हाला काही करता येत नाही, सांगून ठेवते."

धनश्रीनं वडिलांकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

परमेश्वर दार धरून उभा होता. चार दिवस त्यानं मनात एकच चित्र धरून ठेवलं होतं: बबिता ओसरीवर बाजेवर बसली आहे आणि तिथून नुसतं सांगते आहे, हे कर, ते कर. नुसती बसली तरी पुरे, असं त्याला वाटत होतं. पण आत्ता तिनं विचारलेले प्रश्न ऐकले आणि ते चित्र राहिना. पहिल्या रात्री करडू दुसऱ्यांदा ओरडलं की ती बाजेवरून उतरणार होती. पट्टी असो नाही तर काही असो, चाचपडत गोठ्यात जाणार होती. आणि तो तेव्हा मेल्यासारखा झोपलेला असणार होता.

त्यानं दार लावलं.

"धनश्री, तुझी खोली लांब हाय का गं?"

"नाही दादा. मागच्या गल्लीत. चालत पाच मिनिटं."

"मग हिला तिकडंच ने. पंधरा दिवस."

"आन तुमी?" बबितानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "शेळ्यांचं कोन बघंल? भाकरी कोन घालंल?"

"ताराबाई हायती. न्हाईतर मी थापीन."

"तुमची भाकर कात्रीनं कापावी लागती."

"कात्री हाय की घरात."

ती हसली, पण लगेच थांबली. हसल्यानं टाके ओढले असावेत. मग तिनं हात पुढं केला, आणि परमेश्वरनं तो धरला. तिघं गल्लीनं चालत गेले. तो दर चार पावलांनी खड्डा आला, दगड आला, असं सांगत होता. ज्या काचेसाठी दिवस गेला, तिच्या आड बबिता एक क्षणही बसली नाही.

खोलीच्या दारात धनश्रीनं हातातली पिशवी खाली ठेवली. तिला बोलायला पुष्कळ होतं, पण ती एवढंच म्हणाली, "दादा, जेवलात का तुम्ही?"

तिनं भात टाकला. तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगला, उठून जेवला आणि निघाला.

गाडीत बसून दार ओढल्याबरोबर त्याला वास आला. दिवसभरात पहिल्यांदाच. त्यानं मागं वाकून नव्या काचेचं हँडल फिरवलं, ते नुसतंच गरगर फिरलं. मग स्वतःकडची काच खाली केली. केजच्या पुढं ट्रॅक्टर लागले आणि सगळी धूळ तोंडावर आली. मागच्या दाराच्या पोटात कुठंतरी उरलेले दोन-चार खडे खड्डा आला की खुळखुळत होते.

घरी दिवेलागणीला पोचला. अशक्त करडू चार पाय फाकून उभं होतं आणि मोरीला लुचत होतं. ताराबाईंनी गाडीत डोकावून पाहिलं.

"बबिता कुठंय?"

"पोरीकडं ठेवली. पंधरा दिवस."

"आन मग काच कशाला बसवलीस रं?"

परमेश्वरनं आधी चावी काढून खिशात टाकली.

"आनायला जायचंच हाय की," तो म्हणाला आणि मागची सीट उपसून काढायला लागला. ती निघता निघेना. ताराबाईंनी दुसऱ्या बाजूनं हात लावला. दोघांनी मिळून ती अंगणात ओढली, हौदाला उभी टेकवली, आणि तो घरात बबिताचं जुनं लुगडं शोधायला गेला.