आतला थर

हेरंब सरांना यातून पैसा मिळणार नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मिळणार होती ती परळच्या एका बंद गिरणीच्या शेडमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनातली आठ फुटी भिंत, तीही पंधरा दिवसांपुरती. गिरगावातल्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकलेच्या तासाला पोरांकडून सुरई आणि दोन लिंबं काढून घेतलेल्या माणसाला अशी भिंत म्हणजे काय, हे दुसऱ्याला कळायचं नाही. शिवाय बायकोचं तोंड बंद होणार होतं. तो वरकड नफा.

ते तोंड आत्ता मात्र चालू होतं.

"या खोलीत माणूस राहतो की भंगारवाला?" नलू दारातून म्हणाली. "तुमच्या बॉबिनांना पाय फुटलेत. एक माझ्या पिठाच्या डब्यात निघाली."

"काम आकाराला येतंय, नलू."

"येऊ दे. मला झोपायला तेवढी जागा ठेवा."

काम असं होतं: प्लायवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, जाळीवर प्लास्टर, त्यात चाळीचे गंजके पत्रे, सुताच्या बॉबिना, हजेरीचे पितळी बिल्ले. सगळं गिरणगावातलं, सगळं खरं. तरी मधोमध हातभर जागा मेल्यासारखी पडून होती. तिथे सरांनी रंग लावला, खरवडला. आरसा बसवला, काढला. मग नजर गेली खुर्चीवरच्या गोधडीकडे.

गोधडी लक्ष्मीमावशींची. मावशी वीस वर्षं लालबागहून सरांकडे पोळ्या करायला येत होत्या. गिरणीतला नवरा गेल्यापासून खोलीत एकट्याच. गोधडी देताना त्यांनी विचारलं होतं, "बघूनच चित्र काढतलात मां? मग न्या. पण थंडीआधी परत द्या हां, सर."

"बघूनच," सर म्हणाले होते. तेव्हा ते खरं होतं. पुढे आठवडाभरही खरं होतं.

मग एका सकाळी त्यांनी कात्री घेतली. गोधडी आडवी कापली की कडेला थर दिसतात, डोंगर फोडल्यावर दिसावेत तसे. लुगडं, धोतर, पुन्हा लुगडं, आणि मध्येच आकाशी काहीतरी. सरांनी ते ओढून काढलं. लहान मुलाचा शाळेचा शर्ट होता. खिशावर शाईचा डाग.

स्वयंपाकघरात मावशींचं लाटणं चाललं होतं. अंतर आठ पावलांचं. विचारता आलं असतं. सरांनी उठून खोलीचं दार लोटून घेतलं.

तो आकाशी रंग त्यांना नेमका हवा होता. शर्ट खिशासकट उलगडून त्यांनी गोधडीच्या तुकड्यावर मधोमध बसवला आणि पाण्यात कालवलेल्या फेव्हिकॉलचे पाच हात दिले. हात वाळला की टिचकी मारून बघायचे. चौथ्या दिवशी कापड लाकडासारखं वाजलं. मेलेली जागा उठून बसली. मावशींना द्यायला त्यांनी दादरहून भारीतली सोलापुरी चादर आणून ठेवली, आणि आपल्या मनालाही त्याच चादरीखाली निजवलं.

उद्घाटनाला मावशींना घेऊन आली ती नलू, सरांना न विचारता. "चला, तुमच्या गोधडीचं चित्र लागलंय," एवढंच तिला माहीत.

गर्दी नेमकी मधल्या जागेपाशी. एक मुलगी खिशाचे फोटो काढत मैत्रिणीला सांगत होती, "काय सॉलिड आयडिया आहे ना, शर्ट वगैरे!"

मावशींची नजर खिशावरच्या डागावर थांबली. मग सरांकडे न बघता हळू आवाजात म्हणाल्या, "मनूचो तो."

"मावशी, अहो मी..."

"नव वर्षांचो होतो. तापान गेलो. शर्ट बापसाक दिसलो की तो जेवायचो नाय. म्हणून आत शिवून टाकलेलो." त्यांनी पुढे होऊन खिशाची कड आत दुमडायला बघितली. कड दुमडेना. "कडक झालो," त्या म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतला.

नलू सरांकडे बघत राहिली.

प्रदर्शन उतरल्यावर सरांनी मधला भाग करवतीने कापून काढला आणि चादरीबरोबर लालबागला पोचवला. मावशींनी त्यांना बसायला पाट दिला, चहा ठेवला. तुकडा भिंतीला टेकवून त्या म्हणाल्या, "आता ह्येचा काय करू, सर? पांघरूक नाय येवचा."

सरांनी चहा संपवला. माफीचं वाक्य ते गिरगावपासून जुळवत आले होते, ते कपाबरोबर खाली ठेवलं गेलं.

दुसऱ्या सकाळी मावशी वेळेवर पोळ्यांना आल्या. नलूने विचारलं, "चादर ऊबदार आहे ना, मावशी?"

"आसा. भिंतीकडे मनूक घातलंय."

"आणि तुम्ही?"

"माझा चलता," म्हणत त्यांनी तवा ठेवला.

दाराआड सर ऐकत होते. त्या साली मुंबईत थंडी म्हणण्यासारख्या अकरा रात्री पडल्या. अकराच्या अकरा मावशींच्या अंगावरून गेल्या.